खिशातला टीव्ही घेऊन पुण्यात पाच दिवस

सोमवारी सकाळी पुणे स्टेशनाबाहेर पडले आणि माझी मान आपोआप वर गेली. बाकीचे प्रवासी रिक्षा शोधत होते, मी इमारतींचे मजले मोजत होते. गेले चार महिने नागपुरात संगणकासमोर बसून मी या शहराचा एक नकाशा बनवला होता. टेकड्या किती उंच, कुठल्या भागात किती मजली घरं, पेठांमधल्या गल्ल्या किती अरुंद, सगळं त्यात भरलं होतं. शहर मात्र जन्मात पाहिलं नव्हतं. समोर सात मजल्यांचं एक हॉटेल दिसलं आणि पहिला विचार आला, हे आपण घातलंय का नकाशात?

कशाचा नकाशा, ते सांगायला हवं. मोबाइल फोन तेव्हा भाजीवाल्यांच्या हातातही दिसू लागले होते, पण त्यावर फार तर गाणी ऐकायची आणि धूसर फोटो काढायचे. फोनवर इंटरनेट असायचं, पण एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. अशा काळात आमच्या कंपनीने एक वेगळी वाट धरली होती. गच्चीवरच्या अँटेनाला जसं टीव्हीचं प्रक्षेपण मिळतं, तसंच ते थेट हातातल्या लहान यंत्राला द्यायचं. इंटरनेट नको, वायर नको. एकाने पाहा नाहीतर लाखाने पाहा, प्रक्षेपण तेच. त्याच्या चाचणीसाठी पुण्यात, शहराच्या साधारण मध्यावर, एका उंच इमारतीच्या गच्चीवर प्रक्षेपक बसवला होता. चार वाहिन्या, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. चित्र शहरात कुठपर्यंत पोचेल, हे माझ्या नकाशाने आधीच सांगितलं होतं. जिथे येईल तिथे हिरवा रंग, जिथे येणार नाही तिथे काळा. आता तो नकाशा खरा की खोटा, हे रस्त्यावर फिरून मोजायचं होतं.

शुक्रवारी पाहुणे येणार होते, या कामात पैसा घालायचा की नाही ते ठरवणारे. त्यांना चित्र पसंत पडलं तर काम पुढे सरकणार, नाहीतर आमची आठ जणांची तुकडी बंद होणार. मी तंत्रनिकेतनातली अधिव्याख्यात्याची पक्की नोकरी सोडून या कामात आले होते. "प्रज्ञा, सरकारी नोकरी कोणी सोडतं का?" हा प्रश्न मला घरातल्या, दारातल्या आणि बसस्टॉपवरच्या प्रत्येकाने विचारून झाला होता.

कंपनीने ठरवलेली गाडी घेऊन सलीमभाई आले होते. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. भवानी पेठेतले. "आजोबांचा टांगा होता, वडिलांची रिक्षा, माझी ही गाडी," त्यांनी पहिल्या सिग्नललाच सांगून टाकलं. "त्यामुळे पुण्यातला रस्ता विचारायला आम्ही कोणाकडे जात नाही. लोक आमच्याकडे येतात."

मे महिना होता. नागपूरच्या माणसाला पुण्याचं ऊन फारसं ऊन वाटत नाही, पण सलीमभाईंना माझी काळजी. "एसी लावलाय मॅडम. शिवाय काचांना परवाच नवी फिल्म बसवून घेतली. मागच्या प्रवाशांनी उन्हाची फार तक्रार केली होती. आता बघा, आत कसं गार वाटतं." खरोखरच गार वाटत होतं. मी त्यांचे मनापासून आभार मानले.

कोथरूडला कंपनीच्या गेस्टहाउसमध्ये सामान टाकलं, पोहे खाल्ले आणि दहाच्या ठोक्याला यंत्र घेऊन गाडीत बसले. यंत्र म्हणजे शाळेतल्या कंपासपेटीएवढा एक जाडजूड फोन, वर ओढून लांब करायची काडीसारखी अँटेना. त्याची एक गंमत मला फार आवडायची. ते सतत जागं नसतं. प्रक्षेपण तुकड्यातुकड्यांनी येतं. एक तुकडा घेतला की पुढचा येईपर्यंत यंत्राचा तेवढा भाग डुलकी काढतो, म्हणून बॅटरी टिकते. पाहणाऱ्याला मात्र चित्र सलगच दिसतं. शिवाय जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या इथे नसतात. चित्र येतं तेव्हा लख्ख येतं, नाहीतर त्याचे चौकोन होतात आणि मग सगळं काळं.

कोथरूडमध्ये त्या दिवशी चौकोनच चौकोन आले.

माझ्या नकाशात कोथरूड हिरवंगार होतं. रुंद रस्ते, ओळीने सोसायट्या, मध्ये अडथळा म्हणावा असा नाही. तरीही वृत्तनिवेदिकेचं कपाळ एकीकडे, हनुवटी दुसरीकडे, आणि मिनिटभराने पडदा काळा. लॅपटॉपवर आकडे दिसत होते, तेही मी लिहिलेल्या आकड्यांच्या खूप खाली. मी बॅटरी बदलली. जवळचं दुसरं यंत्र काढलं. तेच. सलीमभाई आरशातून माझ्याकडे बघत होते. दुपारी जेवायला थांबलो तेव्हा मी यंत्र बंद करून गाडीतच ठेवलं. बॅटरी वाचवायला उतरताना ते नेहमीच बंद करत असे.

मंगळवारी दक्षिणेकडे गेलो. स्वारगेटला चौकोन, धनकवडीला चौकोन, कात्रजला पूर्ण अंधार. तिथे डेअरीजवळ सलीमभाईंनी गाडी थांबवली आणि थंडगार सुगंधी दुधाची बाटली माझ्या हातात दिली. "मॅडम, सकाळपासून तुम्ही काही बोललेला नाहीत. आधी हे प्या." वेलदोड्याचा वास, बाटलीवर पाण्याचे थेंब. समोर कात्रजचा डोंगर उभा होता. मी चार महिने त्याच्या उंचीच्या रेषा काढत बसले होते, आणि आता तो मला अनोळखी वाटत होता.

त्या संध्याकाळी मी मुंबईला आमच्या प्रमुखांना, जोगळेकर सरांना, फोन केला.

"सर, नकाशा चुकला असं वाटतंय."

"चुकला की वाटतंय?"

"दोन दिवसांत एकही आकडा जुळला नाही."

ते म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत मला लेखी पाठवा. पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवायचं तर बुधवारीच कळवायला हवं. आणि प्रज्ञा, चूक कुठे झाली तेही लिहा. मला वर सांगावं लागेल."

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी गेस्टहाउसच्या टेबलाशी बसून पत्राच्या पहिल्या चार ओळी लिहिल्या. "या चुकीची संपूर्ण जबाबदारी माझी आहे" हे वाक्य तीन वेळा लिहिलं, तीन वेळा खोडलं. चूक कुठे झाली हेच मला कळत नव्हतं. मग नागपूरला आईला फोन करून पुणं फार छान आहे असं सांगितलं.

बुधवारी नारायण पेठ. तिथली गणितं वेगळी असतात. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना तीनचार मजली इमारती, खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, आणि मधल्या जागेत स्कूटरींची भिंत. अर्धी पेठ मी नकाशात काळी धरली होती, अर्धी हिरवी. दोन्ही अर्ध्या काळ्याच निघत होत्या. साडेअकराला एका पुस्तक बांधणीच्या दुकानासमोर सलीमभाईंनी गाडी कडेला घेतली. मला लॅपटॉपवर आकडे उतरवायला दोन मिनिटं हवी होती.

काचेवर टकटक झाली. बाहेर साठीचे एक गृहस्थ उभे होते. बंडी, नाकावर घसरलेला चष्मा, बोटांना खळ लागलेली. सलीमभाईंनी पुढची काच खाली केली.

"अहो, हे दुकान आहे हे लक्षात आलंय का आपल्या?"

"दोनच मिनिटं, काका," सलीमभाई म्हणाले.

"पुण्यात दोन मिनिटांसाठी थांबलेल्या गाड्या मी संध्याकाळपर्यंत बघतो. आणि बोलायचं असेल तर उतरून बोला. काचेतून बोलायला मी काय बँकेचा कॅशियर आहे?"

हे शेवटचं माझ्याकडे बघून होतं. माझं डोकं आधीच तापलेलं. मी दार उघडून तरातरा बाहेर पडले. यंत्र बंद करायचं राहिलं, ते हातातच होतं.

"काका, आम्ही टीव्हीच्या प्रक्षेपणाची चाचणी करतोय," मी म्हणाले.

"ते दिसतंय," ते म्हणाले. "बाई बातम्या सांगतायत."

मी खाली पाहिलं. पडद्यावर निवेदिका अखंड बसली होती. कपाळ, डोळे, हनुवटी, सगळं जागच्या जागी. आवाजसुद्धा स्वच्छ. तोवर सलीमभाईंनी एसीसाठी पुढची काच वर केली होती. मग गाडीत परत बसले, दार लावून घेतलं. चौकोन. दार उघडलं. निवेदिका. पुन्हा लावलं. काळं. पुन्हा उघडलं.

"दार तुटेल," बांधणीवाले काका म्हणाले.

"सलीमभाई," मी म्हणाले, "ती फिल्म कसली बसवलीत?"

"चांगल्यातली मॅडम. चकाकणारी. दुकानदार म्हणाला, हिच्यात धातूचा थर असतो, ऊन बाहेरच्या बाहेर परत जातं."

उन्हाबरोबर आमचं प्रक्षेपणही बाहेरच्या बाहेर परत जात होतं. दोन दिवस मी एका डब्यात बसून शहर मोजत होते. नकाशा चुकला नव्हता. मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि रडू यायच्या ऐवजी मला हसू यायला लागलं. ते थांबेचना. बांधणीवाले काका आत गेले आणि एक तांब्या पाणी घेऊन आले.

सलीमभाई मात्र हसत नव्हते. त्यांचा चेहरा उतरला होता. "मॅडम, तुम्हाला ऊन लागू नये म्हणून केलं हो. दोन दिवस तुम्ही सुकून गेलात आणि कारण मीच."

"सलीमभाई, चूक माझीसुद्धा आहे. गाडीत बसायच्या आधी बाहेर एकदा लावून पाहायला हवं होतं. हे मी मुलांना शिकवायचे."

त्यांनी ऐकून घेतलं, पण बाह्या आधीच दुमडल्या होत्या. फिल्म आता काढायची, या घडीला. काकांनी कागद कापायची आपली धारदार सुरी दिली, साबणाच्या पाण्याची बादली दिली आणि वर एक सूचना दिली, "कोपऱ्यापासून उचला. घाई केलीत तर गोंद राहील. गोंदाची घाई कोणाच्या बापाला जमलेली नाही." दुकानासमोर गाडी उभी करू नका म्हणणारे ते गृहस्थ पुढचा दीड तास त्याच गाडीच्या काचा खरवडत होते. एक गिऱ्हाईक आलं, त्याला म्हणाले, "चारनंतर या. महत्त्वाचं काम चालू आहे."

मी तिथूनच जोगळेकर सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. 

"म्हणजे नकाशा बरोबर?"

"ते माहीत नाही सर. अजून मोजलाच कुठे?"

"मग मोजा," ते म्हणाले. आणि मग, पहिल्यांदाच, "प्रज्ञा, तो राजीनामावजा कागद पाठवू नका मला."

मी तसं काही लिहिलंय हे त्यांना कसं कळलं, कोण जाणे.

आता हातात दीड दिवस होता आणि सगळं शहर पहिल्यापासून मोजायचं होतं. एसी बंद, चारही काचा खाली. गाडीत धूळ, धूर, हॉर्न, सगळं आलं, आणि त्याबरोबर चित्रही आलं. कोथरूड हिरवं निघालं, जवळजवळ माझ्या रेषेला रेष लावून. प्रत्येक चौकात सलीमभाई विचारायचे, "आहे का बाई?" आणि मी म्हणायचे, "आहे." सायंकाळपर्यंत निवेदिका बदलल्या, पण आमच्या दोघांसाठी ती "बाई"च राहिली. पाच वाजता प्रक्षेपण थांबलं तेव्हा आम्ही एका अमृततुल्यात (चहाच्या जुन्या दुकानांना पुण्यात हे नाव असतं) बसून दोन दोन कप चहा प्यायलो. दोन दिवसांत पहिल्यांदाच मला भूक लागल्याचं जाणवलं.

डब्यातल्या त्या दोन दिवसांनी मला एक गोष्ट शिकवली होती. गाडीतलं मोजणं वेगळं, घरातलं वेगळं. माणसं टीव्ही काही रस्त्यावर उभं राहून बघत नाहीत. म्हणून गुरुवारी मी लोकांची दारं वाजवायला लागले. हे कामाच्या यादीत नव्हतं. नारायण पेठेत बांधणीवाल्या काकांनीच आपल्या इमारतीतली सहा घरं उघडून दिली. "नागपूरहून आल्यात," ते प्रत्येक दारात सांगायचे, "तरी सभ्य आहेत." तळमजल्यावर चित्र नाही. दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी आहे, पलंगावर नाही. तिसऱ्यावर सगळीकडे. एका काकूंनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "एवढंसं चित्र बघायचं कोणी?" मी म्हटलं, प्रवासात, बसस्टॉपवर. "बसस्टॉपवर बस बघायची की टीव्ही?" त्या म्हणाल्या. पण आंबा डाळ (भिजवलेली हरभऱ्याची डाळ, किसलेली कैरी आणि वर फोडणी) पुढे केली आणि ती संपेपर्यंत उठू दिलं नाही.

दुपारी कात्रज. डेअरीपर्यंत चित्र होतं. पुढे डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीत माझ्या नकाशात काळा डाग होता. तिथे एका दारावर मी थाप मारली. दार उघडलं वंदनाताई कांबळे यांनी. दवाखान्यात परिचारिका, त्या दिवशी सुट्टीवर. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली बुद्धाची लहान मूर्ती. माझ्या तोंडून आपोआप "जय भीम" निघालं. "जय भीम ताई, या की आत," त्या म्हणाल्या. मी पाणी प्यायले आणि मला नागपुरात आमच्या इंदोऱ्याच्या घरी बसल्यासारखं वाटलं.

त्यांच्या दोन्ही खोल्यांत चित्र नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत हात बाहेर काढला की चार क्षण यायचं आणि जायचं.

"मग आमचं घर तुमच्या नकाशात काय?" त्यांनी विचारलं.

"काळं," मी जड मनाने सांगितलं.

"काळं तर काळं. पण खोटं हिरवं करू नका ताई. मी लग्नाआधी राहायचे तिथे नकाशात आमच्या आळीला नळाची लाइन होती. आम्ही मात्र कळशा घेऊन फिरायचो. नकाशात नळ होता म्हणून तक्रारसुद्धा कोणी लिहून घेत नव्हतं."

मी त्यांच्यासमोरच वहीत लिहिलं. कात्रज, पायथा, घरात चित्र नाही.

शुक्रवारी पाहुणे आले. तीन जण, आणि त्यांना घेऊन जोगळेकर सर. सरांनी गाडीच्या उघड्या काचांकडे पाहून रुमाल काढला. पाहुण्यांमधल्या प्रमुख बाई दक्षिणेकडच्या होत्या, केस पिकलेले, बोलणं मोजकं. यंत्र त्यांनी स्वतःच्या हातात धरलं. कोथरूड, डेक्कन, लक्ष्मी रोडची गर्दी, सगळीकडे चित्र लख्ख. सर मागून बारीकसारीक माहिती देत होते. स्वारगेट मागे पडलं तेव्हा बाईंनी मान वर केली आणि मला हिंदीत विचारलं, "आणि चित्र कुठे येत नाही?"

सर दचकले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "कात्रजच्या पायथ्याशी. चला, दाखवते."

"तो आपल्या मार्गात नाही," सर हळूच म्हणाले.

"जाऊ या," बाई म्हणाल्या.

पुढची दहा मिनिटं मी वहीतल्या कालच्या खुणा पुन्हा पुन्हा वाचत होते. डेअरी मागे टाकली. सलीमभाईंनी वेग कमी केला. मी म्हणाले, "मॅडम, पुढे उजवीकडे सायकलचं दुकान दिसतंय ना, ते ओलांडलं की चित्र जाईल. पाण्याच्या टाकीपाशी परत येईल."

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. सायकलचं दुकान आलं, गेलं. निवेदिकेच्या चेहऱ्याचे चौकोन झाले आणि पडदा काळा पडला. आयुष्यात पहिल्यांदा मी चित्र गेलं म्हणून खूश झाले. वळण, चढ, दोन रिक्षा, एक बैलगाडी. पाण्याची टाकी. आणि बाई, म्हणजे पडद्यावरच्या, पुन्हा हजर.

प्रमुख बाईंनी यंत्र मांडीवर ठेवलं. "आम्ही तीन शहरं पाहिली," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी चित्र येतं ते दाखवलं. इथे पहिल्यांदा कोणी येत नाही ते दाखवलं. या नकाशावर मी विश्वास ठेवू शकते."

जोगळेकर सरांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. सलीमभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि काही कारण नसताना हॉर्न वाजवला.

पुढचं थोडक्यात सांगते. आमची तुकडी टिकली. डोंगराच्या पायथ्याशी एक छोटा सहायक प्रक्षेपक बसला, वंदनाताईंच्या घरात चित्र आलं, आणि त्यांनी तसं फोन करून कळवलंही. पण ही सेवा देशात कधी घराघरात पोचली नाही. फोनवरचं इंटरनेट वेगवान झालं, लोक त्यावरच सगळं पाहू लागले, आणि आमची काडीवाली यंत्रं कपाटात गेली. मला त्याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही. त्या पाच दिवसांनंतर माझ्याच कामावरचा माझा विश्वास परत आला होता, आणि तो कुठल्याही यंत्राबरोबर कपाटात गेला नाही. आजही मी कुठल्या ना कुठल्या लहरींचे नकाशेच बनवते. फरक एवढाच की आता आधी पायी फिरून येते.

शनिवारी परतीच्या गाडीत माझ्यासमोर वर्धेच्या एक बाई बसल्या होत्या. मुलाकडे आठ दिवस राहून निघाल्या होत्या. शनिवारवाडा, सारसबाग, सर्पोद्यान, सगळं पाहून झालं होतं. त्यांनी डबा उघडला, मला थालीपीठ दिलं आणि विचारलं, "तुम्ही काय काय पाहिलं पुण्यात?"

मी आठवायला लागले. नारायण पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरची उन्हाची खिडकी आठवली, खळ लागलेली बोटं आठवली, डोंगराखालचं एक थंडगार स्वयंपाकघर आठवलं. कुठून सुरुवात करावी ते ठरवत होते. डोकं खिडकीच्या गजाला टेकलं. वारा चांगला होता. आठवडाभराची झोप एकदम डोळ्यांवर आली आणि त्या बाईंना उत्तर द्यायचं राहूनच गेलं.